एकच दोरी की दोन? कडीवर अडलेल्या गणिताबद्दल

पत्र: मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलो. वर्गात सर फळ्यावर मेकॅनिक्सचं गणित सोडवतात तेव्हा सगळं कळतं, पण घरी वही उघडली की पहिली रेघ कुठं मारायची तेच सुचत नाही. परवाच्या टेस्टला असा प्रश्न होता: २०० किलोचं कास्टिंग (साच्यात ओतून केलेला धातूचा भाग) एका कडीला टांगलंय. त्या कडीपासून एक साखळी डावीकडं वर जाते, आडव्या रेषेशी ३०° कोन करून. दुसरी उजवीकडं वर जाते, ४५° कोन करून. दोन्ही साखळ्यांतला ताण काढा. 'दोरीतला ताण सगळीकडं सारखा' हे माझ्या डोक्यात पक्कं होतं म्हणून मी दोन्हीकडं एकच ताण धरला. उत्तर १६२५ न्यूटन आलं आणि शून्य मार्क मिळाले. चुकलं कुठं? आणि लामीचं प्रमेय वापरायचं की घटक पाडायचे (म्हणजे बल आडव्या-उभ्या भागांत तोडायचं), हे ठरवायचं कसं? – एक विद्यार्थी, शिरोळ तालुका

उत्तर:

ते १६२५ खोडू नकोस. वहीत तसंच ठेव आणि त्याच्याच शेजारी पुढचं लिही, कारण तुझी चूक शोधायला त्याच आकड्याचा उपयोग होणार आहे.

तू उभ्या दिशेचं समीकरण मांडलंस: ताण × (साइन ३० + साइन ४५) = २०० × ९.८१ = १९६२. कंसातली बेरीज १.२०७१, म्हणून ताण १६२५. इथवर आकडेमोडीत काही खोट नाही. आता हाच ताण आडव्या दिशेत घालून बघ. डावी साखळी कडीला डावीकडं ओढते १६२५ × कॉस ३० = १४०७ न्यूटननं. उजवी साखळी उजवीकडं ओढते १६२५ × कॉस ४५ = ११४९ न्यूटननं. फरक २५८ न्यूटनचा, म्हणजे साधारण २६ किलो वजनाइतकी ओढ डावीकडं शिल्लक राहिली. प्रश्नात कडी थांबलेली आहे, पण तुझ्या उत्तरातली कडी डावीकडं निघाली. मार्क गेले ते याच्यामुळं.

'दोरीतला ताण सगळीकडं सारखा' हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. दोरी एकच, सलग असली, तिचं स्वतःचं वजन सोडून देण्याइतकं हलकं असलं आणि ती घर्षण नसलेल्या कप्पीवरून जात असली, तर कप्पीच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा असतो. तुझ्या प्रश्नात कप्पी नाही, कडी आहे. कडीला दोन वेगळ्या साखळ्यांची टोकं येऊन अडकलीत. टोक अडकलं, गाठ मारली किंवा आकडा लावला की त्याच्या अलीकडची आणि पलीकडची दोरी वेगळी, आणि तिचा ताणही वेगळा. कडीच्या जागी कप्पी ठेवून तिच्यावरून एकच दोर नेला असता तर काय झालं असतं ते डोळ्यासमोर आण. कप्पी डावीकडं घरंगळत गेली असती. जाता जाता डावी बाजू उभी होत गेली असती, उजवी आडवी, आणि दोन्ही कोन सारखे झाले त्या जागी ती थांबली असती. म्हणजे ३०° आणि ४५° हे दोन वेगळे कोन दिले, खाली नुसतं वजन टांगलं, यातच प्रश्नानं तुला सांगून टाकलं होतं की इथं ताण दोन आहेत.

आता पहिली रेघ कुठं मारायची ते. रेघ मारायच्या आधी 'समतोल कुणाचा लिहायचा' ते ठरव. एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम) म्हणजे दिलेल्या चित्राची नक्कल नव्हे. एका वस्तूला सगळ्यांपासून तोडून एकटी काढलेली आकृती. कुणाला तोडायचं? ज्या ठिकाणी माहीत असलेलं बल आणि काढायची बलं एकत्र येतात त्याला. इथं ती कडी आहे. कास्टिंगचा समतोल लिहिलास तर त्याच्यावर दोनच बलं आहेत: खाली वजन १९६२, वर कडीची ओढ १९६२. ताण त्यात कुठंच येत नाहीत. पण ती छोटी आकृतीही काढून टाक, अर्धा मिनिट लागतो. कडीला खाली नेमकं किती बल ओढतंय ते तिथून कळतं.

मग कोऱ्या जागेत, दिलेल्या चित्रापासून लांब, एक ठिपका काढ. ही कडी. मूळ चित्रात कडीभोवती पेन्सिलीनं एक बंद गोल काढ आणि त्या गोलावरून बोट फिरव. बोट जिथं जिथं काही ओलांडेल तिथं तिथं कात्री चालव. तुझ्या चित्रात बोट तीनदा अडखळेल: डावी साखळी, उजवी साखळी, खालचा दुवा. कात्री तीनदा, म्हणून बाण तीन. चौथा बाण आला तर तो कुठून आला हे सांगता आलं पाहिजे, आणि दोनच आले तर काहीतरी कापायचं राहिलंय. साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून तिचा बाण ठिपक्यापासून बाहेर, साखळीच्याच रेषेत. प्रत्येक बाणाजवळ तीन गोष्टी लिही: नाव, किंमत (माहीत असेल तर आकडा, नसेल तर अक्षर) आणि कोन कुठल्या रेषेपासून मोजलाय ते. डाव्या ताणाला त१ म्हण, उजव्याला त२.

काय काढायचं नाही तेही महत्त्वाचं. छत काढायचं नाही. छताच्या हुकावर साखळी जे बल लावते तेही नाही, ते हुकावरचं बल आहे, कडीवरचं नाही. कडी जे बल साखळीला लावते तेही नाही. आणि सगळ्यांत जास्त मार्क खाणारी चूक: ताणाचा तिरका बाण काढायचा आणि त्याच आकृतीत त्याचे आडवे-उभे घटकही गडद बाणांनी काढायचे. मग समीकरण लिहिताना तेच बल दोनदा धरलं जातं. घटक काढायचेच असतील तर तुटक रेघेनं काढ, किंवा शेजारी दुसरी आकृती कर.

कडी खरं तर चांगली बोटभर जाड लोखंडाची असेल, तिला 'कण' कसं म्हणायचं, ही शंका तुझ्या मनात आली असेल तर ती चांगली शंका आहे. तिन्ही बलांच्या रेषा एकाच बिंदूतून जातात, म्हणून कडीला फिरवणारं काही उरत नाही. फिरणं नसलं की आकाराला काम नाही. बलांच्या रेषा एका बिंदूत मिळत नसतील तिथं कण चालणार नाही, मोमेंटचं (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचं) समीकरणही लागेल.

समीकरणं आता आपोआप येतात. आडवी दिशा: त१ कॉस ३० = त२ कॉस ४५, म्हणून त१ = ०.८१६५ त२. उभी दिशा: त१ साइन ३० + त२ साइन ४५ = १९६२. पहिलं दुसऱ्यात घातलं की १.११५४ त२ = १९६२. त२ = १७५९ न्यूटन, त१ = १४३६ न्यूटन.

इथं थांबून उत्तराकडं बघ. उजवी साखळी जास्त उभी आहे आणि तिच्यावरच जास्त ताण आलाय. असंच व्हायला हवं. दोघींची आडवी ओढ सारखी असली पाहिजे, आणि जी जास्त उभी आहे तिला तेवढीच आडवी ओढ द्यायला एकूण ताण जास्त लागतो. दुसरं म्हणजे, दोन्हींची बेरीज ३१९५, वजनापेक्षा कितीतरी जास्त. 'दोन साखळ्या आहेत म्हणजे प्रत्येकीवर अर्धं वजन' हा समज याच ठिकाणी मोडतो. अर्धं-अर्धं फक्त दोन्ही साखळ्या सरळ उभ्या असतील तर.

हे तुझ्या जिल्ह्यात रोज उपयोगी पडतं म्हणून जरा जास्त सांगतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या शेडमध्ये क्रेनच्या हुकाला दोन पायांची स्लिंग (माल उचलायची साखळी किंवा दोर) लावून बॉक्स उचलतात. दोन्ही पाय आडव्या रेषेशी सारखा कोन करत असतील तर एका पायातला ताण = वजन ÷ (२ × साइन कोन). कोन ६०° असेल तर ताण वजनाच्या ०.५८ पट. ४५° ला ०.७१ पट. ३०° ला बरोबर वजनाइतका. १५° ला १.९३ पट. ५° ला ५.७४ पट. म्हणजे एक टनाचा माल लहान स्लिंगनं, पाय ताणून-फाकवून उचलला तर प्रत्येक पायावर जवळपास दोन टन किंवा त्याहून जास्त येऊ शकतात, आणि क्रेनच्या काट्यावर तरीही एकच टन दिसतो. आडव्याशी ३०° च्या खाली स्लिंग लावू नये ती यासाठी. माल तोच ठेवून लांब स्लिंग घेतली की ताण उतरतो.

याच सूत्रात कोनाचा सापळाही आहे. कुठं कोन आडव्या रेषेपासून दिलेला असतो, कुठं उभ्या रेषेपासून, आणि स्लिंगच्या तक्त्यात कधी दोन पायांमधला पूर्ण कोन असतो. आडव्याशी ३०° म्हणजे उभ्याशी ६०°, आणि दोन पायांमध्ये १२०°. 'आडव्याला कॉस, उभ्याला साइन' असं पाठ केलेल्या मुलाला उभ्यापासून मोजलेला कोन दिला की सगळं उलटं होतं. पाठ करायचंच असेल तर एवढं कर: ज्या रेषेपासून कोन मोजलाय तिच्या बाजूच्या घटकाला कॉस, दुसऱ्याला साइन. शंका आली तर कोन शून्य धरून बघ. बाण त्या रेषेवर झोपला पाहिजे आणि दुसरा घटक शून्य झाला पाहिजे.

लामीचं विचारलंस. बर्नार लामी या १७व्या शतकातल्या फ्रेंच अभ्यासकाचं हे प्रमेय तुझ्या प्रश्नाला चपखल बसतं: बलं तीनच, एका प्रतलात, एका बिंदूत, समतोलात. प्रत्येक बल भागिले उरलेल्या दोन बलांमधल्या कोनाचा साइन, हे तिन्ही सारखे. दोन साखळ्यांमधला कोन १८० − ३० − ४५ = १०५°. उजवी साखळी आणि वजन यांच्यातला ९० + ४५ = १३५°. डावी साखळी आणि वजन यांच्यातला १२०°. तिघांची बेरीज ३६० आली का ते आधी बघ. नाही आली तर पुढं जाऊच नको. मग त१ = १९६२ × साइन १३५ ÷ साइन १०५ = १४३६, त२ = १९६२ × साइन १२० ÷ साइन १०५ = १७५९. उत्तर तेच. नेहमीची चूक म्हणजे बलाखाली त्याच्या स्वतःच्या शेजारचा कोन घेणं. समोरचा घ्यायचा. आणि चौथं बल आलं की लामी संपलं. माझं मत सरळ आहे: आधी घटकांची पद्धत हातात बसव, कारण ती चार बलांना, पाच बलांना आणि तिसऱ्या मितीलाही चालते. लामी पडताळ्याला ठेव.

पडताळ्याचा आणखी एक मार्ग तुझ्या कंपासपेटीतच आहे. ३०° आणि ४५° हे गुण्यांचे कोन. १ सेंमी म्हणजे २०० न्यूटन असं प्रमाण धर. सरळ खाली ९.८ सेंमीची रेघ मार, हे वजन. तिच्या खालच्या टोकापासून उजवीकडं वर ४५° ची रेघ काढ. वरच्या टोकापासून उजवीकडं खाली ३०° ची रेघ काढ. दोन्ही जिथं छेदतात तिथपर्यंत मोज: ४५° ची रेघ सुमारे ८.८ सेंमी भरेल, ३०° ची सुमारे ७.२. त्रिकोण बंद झाला म्हणजे समतोल आहे. तुझं १६२५ घेऊन दोन्ही रेघा ८.१ सेंमीच्या काढ. टोकं एकमेकांना भेटणार नाहीत, मधे सव्वा सेंमीच्या वर फट राहील. ती फट म्हणजेच मघाचे २५८ न्यूटन.

उतारावरच्या ठोकळ्याची गणितं याच साच्यात बसतात, फक्त अक्ष फिरवून घे. ५० किलोचा ठोकळा, गुळगुळीत २५° चा उतार, दोर उताराच्या दिशेपेक्षा आणखी २०° वर ओढतोय असं समज. वजन ४९०.५ न्यूटन. एक अक्ष उताराच्या बाजूनं, दुसरा त्याला लंब. उताराच्या बाजूनं: ताण × कॉस २० = ४९०.५ × साइन २५ = २०७.३, ताण २२०.६ न्यूटन. लंब दिशेत: पृष्ठभागाची अभिक्रिया (पृष्ठभाग ठोकळ्याला लंब दिशेत ढकलतो ते बल) + २२०.६ × साइन २० = ४९०.५ × कॉस २५. अभिक्रिया ३६९ न्यूटन येते. ती वजनाइतकी नाही, आणि वजन × कॉस २५ इतकी, म्हणजे ४४४.५ सुद्धा नाही, कारण दोर ठोकळ्याला थोडा उचलूनही धरतोय. अभिक्रिया सूत्रातून उचलायची नसते, दरवेळी समीकरणातून काढायची असते.

स्प्रिंगची चूक एका ओळीत सांगण्यासारखी आहे: बल = स्थिरांक × वाढलेली लांबी, एकूण लांबी नव्हे. १० किलोचा दिवा कडीला टांगलाय. कडीपासून एक स्प्रिंग आडवी भिंतीला जाते आणि एक दोर ४ आडवा–३ उभा अशा उतारानं वर जातो. दोराचा ताण ९८.१ ÷ ०.६ = १६३.५, स्प्रिंगमधलं बल १६३.५ × ०.८ = १३०.८ न्यूटन. स्थिरांक ६०० न्यूटन प्रति मीटर असेल तर स्प्रिंग ०.२१८ मीटर ताणली. मूळ लांबी ०.५ मीटर असेल तर भिंतीपासून कडीपर्यंत ०.७१८ मीटर. प्रश्नात लांबी विचारली असते आणि मुलं ०.२१८ लिहून पान उलटतात. शिवाय ३-४-५ असा उतार दिला असेल तर कोन काढायला कॅल्क्युलेटर हातात घेऊच नको, ०.६ आणि ०.८ थेट लिही. कॅल्क्युलेटर घेतलास तर आधी साइन ३० करून बघ. ०.५ यायला पाहिजे. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे.

तिन्ही मितींत फरक एवढाच की समीकरणं दोनाऐवजी तीन, म्हणून अज्ञातंही तीनच काढता येतात. तिथं कोनांच्या नादी लागण्यापेक्षा टोकांचे निर्देशक घे. कडी (०, ०, ०) वर, दोराचं दुसरं टोक (−२, ३, ६) वर असेल तर लांबी ४ + ९ + ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ७. त्या दोराचे तीन घटक ताणाच्या −२/७, ३/७ आणि ६/७ पट. निर्देशकांची वजाबाकी नेहमी 'दुसरं टोक वजा कडी' अशीच. उलटी केलीस तर दोर ढकलायला लागतो.

अज्ञातं समीकरणांपेक्षा जास्त झाली तर काय होतं हे बघायचं असेल तर जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी आठव. उंच काठी, वरून चारी बाजूंना बांधलेल्या तोरण्या म्हणजे दोऱ्या, आणि त्या धरून माणसं काठी तोलतात. ती गाठ कण धरली तर चार तोरण्यांचे चार ताण आणि पाचवा काठीचा रेटा, समीकरणं तीनच. नुसत्या समतोलावरून ते ताण ठरत नाहीत, कारण कोण किती जोरात धरतोय यावर ते बदलतात. एक मात्र नक्की: तोरणी ढिली पडली की तिचा ताण शून्य, उणे कधीच नाही. परीक्षेत दोरीचा ताण उणे आला तर आकडेमोड एकदा तपास. ती बरोबर निघाली तर उत्तर सांगतंय की ती दोरी ढिली आहे आणि प्रश्नात धरलेली रचनाच टिकणार नाही. वजाचं चिन्ह खोडून पुढं जायचं नाही.

आता तुझ्यासाठी एक. दोन कड्या आहेत. खालच्या कडीला ६० किलो टांगलंय. तिच्यापासून एक दोर आडवा उजव्या भिंतीला जातो आणि दुसरा डावीकडं वर, ३ आडवा–४ उभा अशा उतारानं वरच्या कडीला जातो. वरच्या कडीपासून एक दोर आडवा डाव्या भिंतीला आणि एक डावीकडं वर, आडव्याशी ६०° करून छताला. चारही ताण काढ. आकृत्या दोन लागतील. खालच्या कडीपासून सुरू कर, कारण तिथं अज्ञातं दोनच आहेत. वरच्या कडीपासून सुरुवात केलीस तर तीन अज्ञातं आणि दोन समीकरणं घेऊन बसशील. मधला दोर खालच्या कडीला वर-डावीकडं ओढतो आणि वरच्या कडीला खाली-उजवीकडं. ताण तोच, बाण उलटा. हा बाण दोन्ही आकृत्यांत एकाच दिशेला काढणारे निम्मा पेपर इथं गमावतात. उत्तरं: उजवा आडवा ४४१.५, मधला ७३५.८, छताचा ६७९.७, डावा आडवा १०१.६ न्यूटन.

जमलं की छताचा कोन ६० ऐवजी ४५ घालून बघ. डाव्या दोराचा ताण −१४७ येईल. मग उलट शोध: कुठल्या कोनाला तो बरोबर शून्य होतो? ५३.१३° येईल. त्या कोनात आकृती पुन्हा काढ आणि मधला दोर आणि छताचा दोर यांच्यावर एकदा पट्टी ठेवून बघ.